घशातला लिम्फोमा : निदान चुकतं ते तुकडा घेताना

ईएनटीत (कान-नाक-घसा विभागात) नव्याने लागलेल्या रेसिडेंटला घशातला लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, बहुधा टॉन्सिलमध्येच भेटतो. एकाच बाजूचा, मोठा, फारसा न दुखणारा, अँटिबायोटिकचा कोर्स होऊनही न उतरलेला टॉन्सिल. स्वरयंत्रात तो खरोखर दुर्मीळ, तिथल्या सगळ्या कर्करोगांत एक टक्क्याहूनही कमी. स्कोपमध्ये एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरच्या झाकणाच्या) आसपास गुळगुळीत फुगवटा दिसतो आणि वरचं आवरण शाबूत असतं. तंबाखूवाल्यांचे व्रण पाहून तयार झालेली नजर इथे फसते.

पहिली गफलत स्टिरॉइडची. आवाज बसलाय, सूज दिसतेय म्हणून डेक्सामेथासोन दिलं जातं. गाठ आक्रसते, पेशी मरतात आणि बायोप्सीत नुसता मृत ऊतक येतो. श्वास खरंच अडत असेल तर भूलतज्ज्ञाला बोलवा, गरज पडल्यास ट्रॅकिऑस्टॉमी करा आणि त्याच वेळी तुकडाही घ्या.

रोग आवरणाखाली असतो, त्यामुळे वरवरच्या चिमट्यात फक्त सूज आलेलं आवरण सापडतं. त्याच भोकातून दुसरा, खोल तुकडा घ्या. फोर्सेप्सने चिरडू नका. लिम्फॉइड पेशी लगेच फरफटतात आणि मग पॅथॉलॉजिस्टला निळ्या रेघांपलीकडे काही दिसत नाही. टॉन्सिलचा संशय दाट असेल तर तो अख्खा काढलेला बरा. मानेत गाठ असेल तर तीच पूर्ण काढावी. एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवर) थांबू नये, कारण गाठीची रचना तिथे कळत नाही.

नमुना सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये ताजाच, लगेच लॅबला द्या. त्यातला भाग फ्लो सायटोमेट्रीला (सुट्या, ताज्या पेशींवरच्या खुणा मोजणारी तपासणी) आणि टीबी कल्चरला जातो (आपल्याकडे टीबी हा नेहमीचा प्रतिस्पर्धी, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात). उरलेला १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट द्रावणात. फॉर्मवर ताप, रात्रीचा घाम, सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घटलेलं वजन, एचआयव्ही आणि दिलेलं स्टिरॉइड लिहा. नुसतं ‘टॉन्सिल बायोप्सी’ लिहिलंत, तर उत्तरही तेवढंच मोघम येईल.

आयएचसीत (तुकड्यातली ठरावीक प्रथिनं रंगवून पेशी ओळखण्याच्या तपासणीत) आधी केराटिन आणि सीडी४५ या खुणा, म्हणजे कार्सिनोमा (आवरणाच्या पेशींचा कर्करोग) वेगळा होतो. मग बी पेशींसाठी सीडी२० आणि टी पेशींसाठी सीडी३. सर्वाधिक सापडतो डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. त्यासाठी सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, बीसीएल२, केआय-६७. सायक्लिन डी१ विसरलात तर मँटल सेल हा लिम्फोमाचा दुसरा प्रकार निसटतो. नाक-टाळूचा भाग सडत असेल तर एनके/टी-सेल लिम्फोमासाठी सीडी५६ आणि ईबर (पेशीतला एपस्टाईन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, दाखवणारी तपासणी) मागा. तरुण रुग्णाला ताप आणि घसादुखी असेल तर ईबीव्हीमुळे होणारा मोनोन्यूक्लिओसिस हुबेहूब लिम्फोमासारखा दिसू शकतो. लिम्फोमाचं नाव घेण्याआधी ईबीव्हीची रक्ततपासणी करा.

रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’ (कर्करोग नाही, नुसती प्रतिक्रिया) आला आणि गाठ वाढतेच आहे? पुन्हा बायोप्सी.

निदान पक्कं झाल्यावर रोग कुठवर पसरलाय ते पाहायला पेट-सीटी स्कॅन. निरोगी टॉन्सिलही तिथे चमकतात, म्हणून दोन्ही बाजूंतला फरक पाहा. रिटुक्सिमॅबआधी (सीडी२० असलेल्या बी पेशी मारणारं औषध) हिपॅटायटिस बीच्या एचबीएसएजीसोबत (चालू संसर्गाची खूण) अँटी-एचबीसीही (जुन्या संसर्गाचीही खूण) तपासा. दबलेला विषाणू उपचारात उसळू शकतो.