पायलटचे बूट घेताना आधी सोल बघा

युनिफॉर्मच्या यादीत बुटांबद्दल जेमतेम एक ओळ असते: काळे, साधे, पॉलिश होणारे. मग नवी पोरं दुकानातला सगळ्यात चकचकीत फॉर्मल जोड उचलतात आणि मोकळी होतात. मी एटीआरवर (प्रोपेलरच्या छोट्या प्रवासी विमानावर) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक; घर कोल्हापुरात. माझं ऐकाल तर बूट हातात घेतला की आधी उलटा करा.

कारण याच बुटावर तुम्हाला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंद जागेवर, चालायचंय. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून टायर, ब्रेक, प्रोपेलर, कुठं गळती आहे का, हे बघावं लागतं. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, जुलैत पाऊस कसा लागतो ते सांगायला नको, पण त्यासाठी ही फेरी टळत नाही. ओल्या काँक्रीटपेक्षा त्यावर रंगवलेले पट्टे जास्त निसरडे असतात, आणि तेल सांडलेलं असलं तर विचारूच नका. शिवाय एका हातात बॅग घेऊन ओल्या पायऱ्या चढायच्या.

मग ट्रेकिंगचे बूट का नकोत? पकड भारी असते खरी, पण कॉकपिटमध्ये गेलात की पाय रडर पेडलवर (रडर म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू). टाच खाली टेकवून रडर सांभाळायचा आणि पेडलच्या वरच्या भागावर चवडा दाबून ब्रेक लावायचे. आडव्या वाऱ्यात उतरताना किती दाबलं हे पायाला कळलंच पाहिजे. जाड सोलमध्ये ते कळत नाही. बाहेर आलेली रुंद कडाही नको, ती अडकते.

चामडी सोल रुबाबदार दिसते, पाण्यात घसरते. पीयू (पॉलियुरेथेन) हलकी आणि मऊ असते, पण दमट हवेत तिचं रसायनच विघटित होतं. कपाटात नुसता पडून असलेला जोडही एक दिवस भुगा होऊन निघतो. मी नायट्राइल रबर घेतो, तेलाला टिकतं. खाचा कडेपर्यंत गेलेल्या हव्यात, म्हणजे पाणी बाहेर पडतं. लेबलवर सेफ्टी आणि कामाच्या बुटांच्या जुन्या आयएसओ मानकाची 'एसआरसी' खूण असेल तर साबणपाण्याची टाइल आणि ग्लिसरीन लावलेलं स्टील, दोन्हींवर सोल तपासलेली असते. २०२२च्या आवृत्तीत त्याऐवजी 'एसआर' येतं. मात्र स्टील टो, म्हणजे बोटांवर स्टीलचं कवच असलेला बूट, घेऊ नका. सिक्युरिटीला रोज बीप वाजेल आणि पेडलवर पुढचा भाग बोजड वाटेल.

वरच्या चामड्याबद्दल कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत वाढलेल्यांना मी काय सांगणार! (कापशी चपलेचा रुबाब सुट्टीसाठी ठेवा.) दुमडून बघा: प्लास्टिकचा थर असेल तर त्यावर बारीक भेगा दिसू शकतात. सोल शिवलेली असेल तर झिजल्यावर बदलून मिळते. नुसती चिकटवलेली असेल तर पावसाळ्यात तोंड उघडते.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या ड्युटीनंतर पाय सुजतात. नाडी सैल करता येईल असा डर्बी (नाडीच्या दोन्ही पट्ट्या मोकळ्या उघडणारा बूट) बरा. जमलं तर दोन जोड आलटूनपालटून वापरा. भिजलेल्यात वर्तमानपत्र कोंबा, हीटरजवळ ठेवू नका.

आणि नवा जोड थेट ड्युटीवर घालू नका. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. आधी चार दिवस रंकाळ्याभोवती फिरून तो घासून काढा. पॉलिश करताना सोलला लागलं असेल तर तेही पुसून घ्या.