‘ब्रॅश’ म्हणजे रांगडा नव्हे

माझ्या क्लासला येणाऱ्या एका पोरानं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीसाठी अर्ज लिहिला: ‘आय ॲम ब्रॅश अँड हार्डवर्किंग.’ त्याला म्हणायचं होतं, मी कोल्हापूरचा रांगडा गडी, कामाला मागं हटत नाही. वाचणाऱ्याला मात्र ‘मी उद्धट आहे’ असंच कळलं असतं. अर्ज जायच्या आधी माझ्या हातात पडला म्हणून बरं.

आधी या इंग्रजी शब्दाचा (brash) उच्चार. ‘बॅट’मधला ‘ॲ’ घ्या: ब्रॅश. नुसतं ‘ब्रश’ म्हटलं की दात घासायचा ब्रश होतो.

आता अर्थ. स्वतःवर नको तेवढा भरवसा, आणि तो समोरच्याचा मान न ठेवता, चढ्या आवाजात दाखवणं. दोन्ही एकत्र हवं. नुसता भरवसा असेल तर ‘कॉन्फिडंट’ म्हणा, धाडस असेल तर ‘बोल्ड’. ‘ॲरोगंट’ माणूस गप्प बसूनही गुर्मीत राहू शकतो, ब्रॅश माणसाला गप्प बसवत नाही.

खासबागेत पैलवान शड्डू ठोकतो, तो ब्रॅश नाही. ती आखाड्याची रीत आहे, आणि कुस्ती सुटली की तोच वस्तादांच्या पाया पडतो. उलट, महाद्वार रोडच्या दुकानात काल कामाला लागलेला पोरगा वीस वर्षं गल्ला सांभाळणाऱ्या काकांना गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, ‘व्हा बाजूला, तुम्हाला जमायचं नाही,’ तर तो ब्रॅश. आपला ‘आगाऊ’ जवळ येतो, पण आगाऊ आपण नातवालाही लाडानं म्हणतो. खेळाच्या बातम्यांत नव्या दमाच्या खेळाडूला ब्रॅश म्हणताना थोडं कौतुक मिसळलेलं असतं, तरी स्वतःबद्दल हा शब्द वापरू नका.

वस्तूंना लावला की अर्थ ‘भडक’. सोनेरी छत आणि जांभळे दिवे लावलेलं हॉटेल, डोळ्यांवर येणारी जाहिरात, इथं तो चपखल बसतो. कपड्यांना मी ‘लाउड’ किंवा ‘गॉडी’ सुचवते.

रूपं सोपी आहेत: ब्रॅशर, ब्रॅशेस्ट, ब्रॅशली, ब्रॅशनेस.

त्या पोराच्या अर्जात आम्ही ‘स्ट्रेटफॉरवर्ड अँड हार्डवर्किंग’ केलं. खाली एक वाक्य वाढवलं: आधीच्या कामावर दोन वर्षं रात्रपाळी केली, एकदाही उशिरा पोचलो नाही.