काचेच्या टाकीला भोक पाडताना

दारव्ह्याकडच्या आमच्या खेड्यात काचेला भोक पाडून देणारं कोणी नाही, म्हणून माशांच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या भोकाचं, काम मी घरीच करतो.

आधी काच टफन, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना, ते पाहा. टफन असली तर ड्रिल लागताच अख्खी काच भुगा होते. मागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन ठेवून पोलराइज्ड गॉगल फिरवत पाहा. टफन काचेत काळपट डाग-पट्टे उमटतात.

टँक निपल, म्हणजे भोकात बसवायचा आट्यांचा पाइपजोड, आधी विकत आणा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा, मग त्या मापाचा डायमंड होल सॉ, म्हणजे काठाला हिऱ्याची भुकटी लावलेला ड्रिलचा गोल कटर, घ्या. भोक काठापासून किमान भोकाच्या व्यासाएवढं आत हवं.

रिकामी टाकी आडवी करा. आतून जाड टेप लावा. पोळ्याचे बैल करतो त्याच चिकणमातीचं आळं खुणेभोवती करून पाणी भरा. ड्रिल बॅटरीवरचंच घ्या, हॅमर बंद, वेग कमी. सॉ थोडा तिरपा धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. पाणी ताकासारखं पांढरं झालं की बदला. सुकं चालवू नका. काच तापून तडकते आणि धूळ छातीत जाते.

शेवटी जोर अजिबात नको. माझी पहिली काच तिथंच गेली, धाकटीनं पाळलेले गप्पी महिनाभर बादलीत राहिले. ड्रिलच्या वजनानंच भोक पडू द्या.

कडा ओल्या पॉलिश पेपरनं घासा, निपलचा वायसर आतल्या बाजूला बसवा, नट हातानंच आवळा.