जेयुनिटचे लिसनर आणि एक्स्टेन्शन: या चुका टाळा

जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिटमध्ये टेस्ट फेल झाली तरी स्क्रीनशॉट येत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की कोड उघडायच्या आधी मी एकच विचारते: ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमचा ड्रायव्हर कुठे बंद करता? उत्तर जवळपास ठरलेलं असतं, आफ्टरईचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टनंतर चालणाऱ्या मेथडमध्ये. आणि स्क्रीनशॉट कुठे काढता? टेस्टवॉचरमध्ये, म्हणजे टेस्टचा निकाल ज्याला कळवला जातो त्या एक्स्टेन्शनमध्ये. मग तो येणार कसा?

जेयुनिट ५ मध्ये टेस्टवॉचरची टेस्टफेल्ड ही मेथड तुमचं आफ्टरईच आटोपल्यावर चालते. तोवर ब्राउझर बंद झालेला असतो, सेशन संपलेलं असतं आणि सेलेनियम एक्सेप्शन टाकतं. पण तेही तुम्हाला दिसत नाही. टेस्टवॉचरने टेस्टच्या निकालाला हात लावायचा नाही असा जेयुनिटचा नियम आहे, त्यामुळे त्यातून बाहेर पडलेलं एक्सेप्शन नुसती वॉर्निंग म्हणून लॉगमध्ये जातं. एवढ्या मोठ्या लॉगमधली ती ओळ कुणी वाचत नाही. टेस्टएनजी या दुसऱ्या टेस्ट लायब्ररीवरून आलेली मंडळी इथे हमखास अडकतात, कारण तिथे ऑनटेस्टफेल्युअर चालतं तेव्हा आफ्टरमेथड (तिथलं आफ्टरईच) अजून व्हायचं असतं आणि ड्रायव्हर शाबूत असतो. जुना लिसनर (टेस्टच्या घडामोडी ऐकणारा कोड) उचलायचा, मेथडची नावं बदलायची आणि झालं म्हणायचं, या घाईचा हा परिणाम आहे.

यावर बरेच जण आफ्टर-टेस्ट-एक्झिक्युशन कॉलबॅक सुचवतात. तो टेस्ट मेथड संपताच, आफ्टरईचच्या आधी चालतो, म्हणून बहुतेक वेळा काम भागतं. पण लॉगिन प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या बिफोरईचमध्ये असेल आणि तेच फसलं, तर टेस्ट मेथडही चालत नाही आणि हा कॉलबॅकही नाही. म्हणून मी ड्रायव्हर टेस्ट क्लासच्या हाती देतच नाही. एकच एक्स्टेन्शन, म्हणजे जेयुनिटला जोडायचा आपला कोड, लिहिते. त्याच्या बिफोरईच कॉलबॅकमध्ये ड्रायव्हर उघडायचा; आफ्टरईच कॉलबॅकमध्ये आधी कॉन्टेक्स्टला (चालू टेस्टची माहिती देणाऱ्या ऑब्जेक्टला) एक्सेप्शन आहे का विचारायचं, असेल तर स्क्रीनशॉट काढायचा आणि मगच ड्रायव्हर बंद करायचा. उघडणारा आणि बंद करणारा एकच असला की कुणाच्या आधी कोण चाललं हा वाद उरत नाही.

सगळं हिरवं दिसतंय म्हणून खूश होऊ नका

याच स्क्रीनशॉटपायी एका टीममध्ये यापेक्षा वाईट घडलेलं मी पाहिलं आहे. टेस्टवॉचर चालेना म्हणून एका मुलाने इंटरनेटवरून टेस्ट-एक्झिक्युशन-एक्सेप्शन-हँडलर शोधून आणला. हँडलरमध्ये एक्सेप्शन हातात मिळतं, ड्रायव्हरही चालू असतो, स्क्रीनशॉट पहिल्याच फटक्यात आला. त्याने तेवढंच पाहिलं आणि कोड मर्ज झाला.

राहिलं ते एक्सेप्शन पुन्हा थ्रो करायचं. या हँडलरचा अर्थच असा की तुम्ही एक्सेप्शन परत टाकलं नाही, तर ते तुम्ही निस्तरलं असं जेयुनिट धरून चालतं आणि टेस्ट पास ठरवतं. असर्शन, म्हणजे टेस्टमधली तपासणी, फसली तरी पास, एलिमेंट सापडलं नाही तरी पास. बिल्ड रोज हिरवं येत होतं आणि टेस्ट आता स्थिर झाल्या म्हणून टीम समाधानी होती. मला शंका आली ती एका टेस्टमुळे. तिच्याशी जोडलेला बग अजून उघडा होता, त्या कोडला कुणी हात लावलेला नव्हता, तरी ती टेस्ट पास होत होती. हँडलरच्या शेवटी थ्रोची एक ओळ घातली आणि पुढचं बिल्ड लालेलाल झालं. त्यातले काही दोष तोवर ग्राहकांपर्यंत पोचले होते.

मला त्या मुलाचा राग आला नाही, रिव्ह्यू करणाऱ्यांचा आला. टेस्टच्या निकालाआड येऊ शकणारा कोड फक्त पास होणाऱ्या टेस्टवर तपासून मर्ज करणं मला मान्यच नाही. नवीन एक्स्टेन्शन आलं की मी मुद्दाम फेल होणाऱ्या तीन टेस्ट लावते: एक बिफोरईचमध्ये, एक टेस्ट मेथडमध्ये आणि एक आफ्टरईचमध्ये पडणारी. तिन्ही लाल दिसल्या पाहिजेत. हे कायमचं बसवायचं असेल तर जेयुनिट प्लॅटफॉर्मचं टेस्टकिट आहे. त्यात इंजिन चालवून किती पास, किती फेल याचंच असर्शन लिहिता येतं.

एक्स्टेन्शनच्या फील्डमध्ये काही साठवू नका

सुरुवातीची वेळ, युजरचं नाव, ड्रायव्हर, काहीच नाही. क्लासवर लावलेल्या एक्स्टेन्शनचा एकच ऑब्जेक्ट त्या क्लासच्या सगळ्या टेस्टना पुरतो. टेस्ट समांतर चालवल्या की एकीची वेळ दुसरीच्या नावावर जाते. अशा गोष्टी ठेवायला एक्स्टेन्शन कॉन्टेक्स्टचा स्टोअर दिला आहे.

बिफोरऑल म्हणजे सगळ्यांच्या आधी एकदा, असं नाही

ते प्रत्येक क्लासला एकदा चालतं. डेटाबेसचा कंटेनर तिथे सुरू केलात तर दर क्लासला नवा कंटेनर उठतो, आणि मग जेयुनिट हळू आहे म्हणून बोलणी बसतात. अख्ख्या रनला एकदाच हवं असेल तर वस्तू रूट कॉन्टेक्स्टच्या (सगळ्यात वरच्या, अख्ख्या रनच्या कॉन्टेक्स्टच्या) स्टोअरमध्ये ठेवा आणि ती क्लोजेबल करा, म्हणजे शेवटी आपोआप बंद होईल.

घरचा रिपोर्ट खोटं बोलतो

बिफोरऑलच फसलं तर त्या क्लासमधल्या टेस्टबद्दल टेस्टवॉचरला एक अक्षरही कळत नाही. त्यावर रिपोर्ट बांधला असेल तर अख्खा क्लास गायब होतो आणि फेलचा आकडा शून्य राहतो. रिपोर्टसाठी टेस्ट-एक्झिक्युशन-लिसनर वापरा, आणि त्याच्या एक्झिक्युशन-फिनिश्डमध्ये टेस्टबरोबर कंटेनरचाही (इथे डेटाबेसचा नव्हे, तर टेस्ट ज्यात असतात त्या क्लाससारख्या गटाचा) निकाल तपासा. फक्त टेस्ट असेल तरच मोजायचं अशी इफ तिथे सर्रास दिसते. ती आधी काढा.

लिसनर चालतच नाही

सर्व्हिसेस फोल्डरमधल्या फाइलचं नाव लिसनरच्या इंटरफेसच्या पूर्ण नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का बघा. चुकलं तर कसलीही एरर येत नाही. आणि लिसनर असा आपोआप उचलला जातो म्हणून एक्स्टेन्शनही उचललं जाईल असं समजू नका. त्याची ऑटोडिटेक्शनची सेटिंग मुळात बंद असते, ती चालू करावी लागते. मी ती चालू करत नाही. एक्स्टेन्शन जोडणारं एक्स्टेंडविथ हे अ‍ॅनोटेशन क्लासच्या डोक्यावर लिहिलेलं असलं की टेस्ट वाचणाऱ्याला काय काय चालणार आहे ते तिथेच कळतं.