मोठ्या संख्या, स्थानिक किंमत आणि रोमन अंक : या चुका टाळा

'सात लक्ष पाच हजार चाळीस' ही संख्या अंकांत लिहायला सांगितली, की वह्यांमध्ये तीन प्रकारची चुकीची उत्तरं हमखास सापडतात. ७५४०, ७,५०,०४० आणि ७०००००५०००४०. बरोबर उत्तर ७,०५,०४० आहे. तिन्ही उत्तरांवर लाल फुली मारली की काम झालं असं वाटतं, पण या तीन चुका एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. पहिल्या मुलाने जेवढं ऐकू आलं तेवढंच लिहिलं. शून्य कुणी उच्चारलंच नाही, म्हणून ते वहीतही आलं नाही. दुसऱ्याला शून्य हवंय हे कळलंय, ते कोणत्या घरात बसवायचं हे कळलेलं नाही. तिसऱ्याने सात लक्ष, पाच हजार आणि चाळीस या तीन संख्या अचूक लिहिल्या आणि एकापुढे एक जोडल्या. या तिघांनाही 'आणखी वीस उदाहरणं सोडव' असं सांगितलं, तर तिघंही आपापली चूक वीस वेळा पक्की करतील. म्हणून आधी मुलाला विचारा, 'हे उत्तर कसं काढलंस?' चुकीमागे काहीतरी विचार असतोच, आणि तो कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

ऐकलेली संख्या लिहिताना

पहिल्या दोन मुलांसाठी एक सोपी सवय पुरते. संख्या लिहायला घेण्याआधीच रिकामी घरं आखायची : लक्षासाठी दोन, हजारासाठी दोन, आणि शेवटी शतक-दशक-एकक अशी तीन. मग एकच नियम. सगळ्यात डावीकडच्या गटात एक अंक चालतो, त्याच्या उजवीकडचा प्रत्येक गट मात्र पूर्ण भरलाच पाहिजे. 'पाच हजार' ऐकू आलं आणि डावीकडे लक्ष लिहून झालेले असतील, तर हजाराच्या घरात ०५ येणार. 'चाळीस' ऐकू आलं तर शेवटच्या गटात ०४०. पुढे कोटीच्या संख्या आल्या की 'तीन कोटी आठ' देऊन पाहा. ज्याला नियम कळलाय तो ३,००,००,००८ लिहिताना अडखळत नाही, कारण लक्षाचा आणि हजाराचा गट रिकामा असला तरी तो शून्यांनी भरायचा असतो हे त्याला माहीत असतं.

तिसऱ्या मुलाला मात्र घरं आखून पटकन उमगेलच असं नाही. त्याच्यासाठी कागदाच्या पट्ट्या कापा. एका पट्टीवर ७,००,०००, दुसरीवर ५,०००, तिसरीवर ४०, सगळे अंक सारख्याच रुंदीच्या चौकटींत. या पट्ट्या उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवल्या, की खालची शून्यं झाकली जातात आणि ७,०५,०४० डोळ्यांसमोर तयार होतं. 'शून्यं गेली कुठे?' हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं, आणि स्थानिक किंमत, म्हणजे अंकाला त्याच्या जागेमुळे मिळणारी किंमत, समजण्याची खरी सुरुवात तिथे होते. हाच खेळ उलटा केला, म्हणजे पट्ट्या सुट्या केल्या, की विस्तारित रूप मिळतं : ७,००,००० + ५,००० + ४०. विस्तारित रूपावरून संख्या लिहिताना ३०,००,००० + ४,००० + ५० + ९ याचं ३४५९ करणारी मुलंही याच पट्ट्यांनी सुधारतात. उत्तर ३०,०४,०५९ आहे.

संख्यांची नावंच चुकवतात तेव्हा

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही चूक गणितातली वाटते पण तिचं मूळ उच्चारात असतं. मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणताना आधी सात येतो, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४. जे कानावर पडलं त्याच क्रमाने लिहिणारं मूल ७४ लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येतो, म्हणून ५९ किंवा ५१ लिहिलं जातं. त्रेपन्न, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव यांची गल्लत तर मोठ्या वर्गांतही दिसते. दोन अंकी संख्येत ही चूक २७ची असते. 'सत्तेचाळीस लक्ष' लिहिताना तीच २७ लक्षांची होते.

त्यामुळे सात अंकी संख्येत चुकणाऱ्या मुलाची परीक्षा आधी शंभराच्या आत घ्या. १ ते १०० मधल्या संख्या क्रमाने म्हणून घेण्याचा इथे उपयोग नाही. क्रम पाठ असतोच. आडव्यातिडव्या विचारा : सदुसष्ट, शहात्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्व्याण्णव. जिथे अडेल तिथे नाव आणि फोड एकत्र म्हणायला लावा : 'सदुसष्ट, सहा दशक सात एकक.' लिहिताना दशकाचं घर आधी भरायचं, हेही सांगून ठेवा. शंभराच्या आतली ही ठिकाणं पक्की झाली, की मोठ्या संख्यांतल्या पुष्कळशा चुका मोठ्या संख्यांना हात न लावता कमी होतात. हा भाग घाईने उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

वाचनातही एक सवय मोडावी लागते. ७२,५७,३१८ ही संख्या काही मुलं 'सात दशलक्ष दोन लक्ष पाच दशहजार सात हजार…' अशी वाचतात. हे स्थानांची नावं म्हणणं झालं, संख्येचं वाचन नव्हे. दशलक्ष आणि लक्ष मिळून एक गट, दशहजार आणि हजार मिळून दुसरा : 'बहात्तर लक्ष सत्तावन्न हजार तीनशे अठरा.' वाचनाच्या सरावासाठी मनाने रचलेल्या संख्यांपेक्षा खऱ्या संख्या घ्या. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे, सूर्य सुमारे १४,९५,९७,८७१ किलोमीटर, आणि प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. अशा संख्या वाचताना त्यांचा आवाकाही मुलाच्या लक्षात येतो.

स्वल्पविराम

स्वल्पविराम नेहमी उजवीकडून मोजत द्यायचे. डावीकडून सुरुवात केली की ४५६७८९० चं ४५६,७८९,० होऊन बसतं. आपल्या पद्धतीत उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन-दोन : ४५,६७,८९०. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीन-तीन : ४,५६७,८९०. संख्या तीच, वाचन वेगळं : पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे नव्वद, किंवा चार मिलियन पाचशे सदुसष्ट हजार आठशे नव्वद. दोन पद्धती एकाच दिवशी शिकवल्या तर मुलं एकीचे स्वल्पविराम देऊन दुसरीप्रमाणे वाचतात. आधी एक पक्की होऊ द्या. नंतर जोडणारे दुवे द्या : १० लक्ष म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ अब्ज, म्हणजेच १ बिलियन.

स्थान, दर्शनी किंमत, स्थानिक किंमत

६,०४,७३५ मधल्या ४ चं स्थान हजार, दर्शनी किंमत ४, स्थानिक किंमत ४,०००. स्थानिक किंमत विचारल्यावर 'हजार' असं उत्तर आलं, तर मुलाला विषय बहुधा येत असतो, त्याने प्रश्न नीट वाचलेला नसतो. शून्याची स्थानिक किंमत कोणत्याही स्थानी शून्यच. पण म्हणून ते खोडता येत नाही. ते खोडलं की डावीकडचा ६ दशहजाराच्या घरात सरकतो आणि संख्या ६४,७३५ होते. ७२,५७,३१८ मधल्या दोन ७ च्या स्थानिक किमतींतला फरक विचारला, तर ७०,००,००० − ७,००० = ६९,९३,०००. इथे '७ − ७ = ०' असं लिहिणारं मूल दर्शनी किंमतच पाहत असतं.

तुलना, मागची-पुढची संख्या

९८,७६५ आणि १,००,००२ यांत मोठी कोणती? पहिला अंक पाहून ठरवणारं मूल ९८,७६५ म्हणतं. आधी अंक किती आहेत ते मोजायचं. ते सारखे असतील तरच डावीकडून एकेक अंक पाहत जायचं. ०, १, ३, ५, ८ हे अंक एकेकदा वापरून पाच अंकी लहानात लहान संख्या मागितली की ०१३५८ येतं. सुरुवातीचं शून्य धरलं तर संख्या चार अंकीच राहते, म्हणून १०,३५८. ३,९९,९९९ च्या पुढची संख्या ४,००,००० आहे. ज्यांचं उत्तर ३,९९,१००० असं येतं, त्यांना उभी मांडणी करून १ मिळवायला लावा आणि हातचा प्रत्येक घरातून पुढे कसा सरकतो ते दाखवा. 'पाच अंकी संख्या एकूण किती?' याला ९९,९९९ − १०,००० = ८९,९९९ असं उत्तर आलं, तर १ ते ५ मध्ये किती संख्या आहेत ते विचारा. ५ − १ = ४ येतात, पण मोजल्या तर पाच. दोन्ही टोकं मोजायची म्हणून १ मिळवायचा, उत्तर ९०,०००.

रोमन अंकांत स्थानिक किंमत घुसते

रोमन पद्धतीत आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. सात चिन्हं पाठ व्हायला वेळ लागत नाही. अडचण पुढे येते, कारण मूल आपल्या दशमान पद्धतीची सवय इथेही घेऊन येतं. ३२ लिहिताना ते ३ साठी आय-आय-आय आणि २ साठी आय-आय शेजारी मांडतं, किंवा २०५ मध्ये शून्य कसं दाखवायचं ते विचारतं. रोमन चिन्हांत शून्य नाही आणि स्थानागणिक चिन्हाची किंमत दहापट होत नाही. यावर विस्तारित रूपाइतका चांगला उपाय नाही. ३२ = ३० + २, म्हणून एक्स-एक्स-एक्स, आय-आय. १९९४ = १००० + ९०० + ९० + ४, म्हणून एम, सी-एम, एक्स-सी, आय-व्ही. २०५ मधलं शून्य विस्तारातच उरत नाही : सी-सी-व्ही. आधी फोड लिहिल्याशिवाय रोमन चिन्ह लिहायचंच नाही, असा नियम काही दिवस पाळून पाहा.

वजाबाकीच्या नियमात सर्वांत जास्त चुका होतात. मूल विचार करतं, ४९ म्हणजे पन्नासला एक कमी, म्हणून आय-एल. विचार सुंदर आहे, पण प्रचलित नियमात तो बसत नाही. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. म्हणून ४९ = ४० + ९, एक्स-एल-आय-एक्स; ९९ = एक्स-सी-आय-एक्स. व्ही, एल, डी कधी वजा होत नाहीत आणि कधी दोनदाही येत नाहीत. उरलेली चिन्हं लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा. मुलं घड्याळाचं उदाहरण देऊन वाद घालतात : पुष्कळ तबकड्यांवर ४ साठी चार वेळा आय असतो. निरीक्षण बरोबर आहे. रोममधल्या कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावरही एक्स-एलच्या पुढे चार आय कोरलेले आहेत. जुन्या काळी दोन्ही रूपं चालत. शाळेत शिकवतात तो नियम नंतर स्थिरावला. हे सांगितलं की मुलाचं समाधान होतं आणि परीक्षेत ते आय-व्हीच लिहितं.

वाचताना एक्स-आय-व्ही म्हणजे ११ + ५ = १६ असं होतं. वाचायच्या आधी जिथे लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आहे ती जोडी पेन्सिलीने अधोरेखित करा, जोडीची किंमत आधी काढा, मग बेरीज : १० + ४. आणि चिन्हं जास्त म्हणून संख्या मोठी, असंही मुलांना वाटतं. ३८ ला सात चिन्हं लागतात, ५० ला एक. ३८८८ लिहायला तर पंधरा.

सरावासाठी १ ते १०० सगळं लिहून घेण्याची गरज नाही. ४, ९, १४, १९, ४०, ४४, ४९, ९०, ९४, ९९ एवढे दहा बरोबर आले, तर उरलेले बहुतेक बरोबर येतातच. ते लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तीच चिन्हं मुलासमोर ठेवा आणि त्यावरून संख्या लिहून घ्या.