कांचन, देवकांचन की आपटा? पुंकेसर मोजा!

दसऱ्याला सोनं म्हणून जे गठ्ठे विकायला येतात त्यात बऱ्याचदा आपटा नसतोच, कांचन असतो. एकाच कुळातली भावंडं, पान सगळ्यांचंच मधोमध चिरलेलं, त्यामुळे पटकन कळत नाही. पण आपटा ओळखणं तसं सोप्पंय. पान छोटं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, हाताला चिवट लागतं, आणि कांचनाचं पान बघाल तर जवळपास तळहाताएवढं. आपट्याची फुलं उन्हाळ्यात येतात, बारीक, पांढरट-पिवळसर, लांब तुऱ्यात. म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला ज्या झाडाला मोठ्ठी गुलाबी फुलं लागलीयत ते काही आपटा नाही, विषय संपला.

खरी गंमत गुलाबी-जांभळ्या कांचनांची आहे. नर्सरीत यातल्या कशालाही रक्तकांचन म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, झाडच बघा. आधी महिना बघायचा. पावसाळा संपता संपता, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, अंगावर भरपूर पानं असताना फुलतो तो देवकांचन. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुलतो तो आपला नेहमीचा कांचन, तेव्हा झाडावर पानं जवळजवळ नसतातच, नुसती फुलंच फुलं, लांबूनही ओळखू येतो.

आता महिन्यानेही डाऊट राहिला तर एक ताजं फूल हातात घ्या (गळून वाळलेलं नको, त्यातले परागकोश, म्हणजे परागाच्या बारीक पिशव्या, पडून गेलेल्या असतात) आणि पुंकेसर मोजा. म्हणजे मधून जे लांब, वर वळलेले दांडे येतात ना, टोकाला परागकोश असलेले, फक्त तेच मोजायचे, बाकी बारीक दोऱ्यासारखं काही दिसलं तर सोडून द्या. तीन असले तर देवकांचन, पाच असले तर कांचन. पाकळ्याही बघून घ्या, देवकांचनाच्या अरुंद असतात आणि दोन पाकळ्यांत फट दिसते, कांचनाच्या रुंद, एकमेकींवर चढलेल्या, आणि एका पाकळीवर गडद रंगाची नक्षी. पानाच्या चिरेवरून पण लोक सांगतात, देवकांचनाची जास्त खोल जाते म्हणून, पण एकाच झाडावर इतकी वेगवेगळी पानं सापडतात की मी तरी त्यावर भरवसा ठेवत नाही.

तिसरा एक पाहुणा आहे, हाँगकाँगचा. याच दोघांचा संकर, तिकडच्या झेंड्यावर याचंच फूल आहे. फुलं मोठी, गडद किरमिजी-जांभळी, पुंकेसर बहुतेक पाचच, त्यामुळे इथे मोजून भागत नाही, शेंगा शोधाव्या लागतात. बाकी दोघांना बहर सरला की चपट्या शेंगा लागतात, वाळल्या की तडकन फुटून पिळवटतात. याला बी धरत नाही, म्हणून शेंगाच नाहीत, फांदीवरून किंवा कलमानेच वाढवतात. आपट्याच्या शेंगा लागतात पण फुटत नाहीत, जाडसर, काळपट होऊन कितीतरी दिवस झाडावरच लटकतात, त्यामुळे फुलं नसतानाही तो ओळखता येतो.

राहिला पांढरा. छोटं झुडूप असेल, पानाची दोन्ही टोकं अणकुचीदार आणि पुंकेसर दहा, तर तो पांढरा कांचन, बागेत लावतात तो. मोठं झाड आणि पाच असतील तर तो वरचा नेहमीचा कांचनच, फक्त पांढऱ्या फुलांचा.