पत्र्याच्या खोलीतला उकाडा आणि वीज कंपनीचा पैसा

मुंबईत वीज कंपन्या 'मागणी व्यवस्थापन' या नावाखाली अधूनमधून योजना काढतात. जुना पंखा देऊन कमी विजेवर चालणारा घ्या, फ्रीज किंवा एसी सवलतीत बदला, अशा. यात मेहेरबानी कुणाचीच नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांनुसार, मंजूर झालेला हा खर्च कंपनीला वीजदरातून वसूल करता येतो. म्हणजे गोवंडीतल्या किंवा मालवणीतल्या दहा बाय बाराच्या खोलीचं बिल भरणाराही त्यात पैसे घालतो. त्याने ते मागून घ्यायलाच हवेत. मात्र पंखा बदलण्याआधी छप्पर नीट करा. तापलेल्या पत्र्याखाली कितीही चांगला पंखा लावला तरी तो वरची गरम हवाच खाली ढकलतो.

सुरुवात गळतीपासून करा. पत्रा नालीच्या खोलगट भागात ठोकलेला असेल तर तिथून पाणी झिरपणारच. हुक किंवा स्क्रू नेहमी उंचवट्यावर, रबरी वायसर लावून. पत्र्यावर पत्रा चढवताना उताराच्या दिशेने किमान सहा इंच आणि बाजूने दीड नाली. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे टाकायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करावी. जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. छपरावर चढताना मेन स्विच बंद, शेजारून गेलेल्या वायरींपासून लांब, आणि पाय फक्त स्क्रूच्या रांगेवर, म्हणजे खालच्या आडव्या पाइपावर. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळी टाकूनच जा, तो अचानक तुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्याला कोरडा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, ड्रिल मारू नका; ती धूळ फुफ्फुसात जाते. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा.

मग पांढरा रंग. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. गंजलेला तर ऊन पिऊनच घेतो. पांढरा 'कूल रूफ' रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो आणि उष्णताही सोडतो. चुना स्वस्त पडतो आणि सिमेंटच्या स्लॅबवर चालतो, पण लोखंडी पत्र्यावर त्याचे पोपडे निघतात. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

हिशेब असा. १२० चौरस फुटांची खोली, बाहेर आलेला भाग धरून १४०, नाल्यांच्या वळणांमुळे आणखी साधारण १५ टक्के, म्हणजे १६० चौरस फूट. दोन हातांसाठी लिटरमागे २५ चौरस फूट धरले तर साडेसहा लिटर लागतील. डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा माना. लोखंडी पत्र्याचा गंज तारेच्या ब्रशने काढा, साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या. गंजाच्या जागी रेड ऑक्साइड प्रायमर, आणि नव्या जस्ताच्या पत्र्यावर जस्तासाठीचा प्रायमर. तो नसेल तर पहिल्याच पावसात रंग सालीसारखा उतरतो. हिवाळ्यात सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून नऊनंतर सुरू करा आणि चारपर्यंत आटपा. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या. मेच्या मध्यापर्यंत काम संपायला हवं.

पावसाळ्यात वर निळी ताडपत्री टाकलीत तर दसऱ्याआधी काढा. ती तशीच राहिली तर रंगाचा काहीच उपयोग नाही. थर्मोकोलचं छत मात्र लावू नका: खाली गॅस, वर वायरिंग, आग लागायला वेळ लागत नाही.

आता पंखा. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅटचा. सोळा तास चालला तर दिवसाला ०.७२ युनिट, महिन्याला साधारण २२ युनिट वाचतात. घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो. ज्यांचं बिल ११५ युनिटांच्या आसपास येतं त्यांना त्या महागड्या युनिटांतूनच सुटका मिळते. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्या. तो राहिला की पंखा अडखळतो, सर्किट जळू शकतं आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

अर्ज बिल देणाऱ्या कंपनीकडेच करायचा: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. ताजं बिल, ग्राहक क्रमांक, ओळखपत्र जवळ ठेवा. थकबाकी आधी भरा. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर अर्ज अडू शकतो. भाडेकरूने मालकाचं सहीचं संमतिपत्र आधीच घ्यावं. सबमीटरवाल्याचं तर कंपनीच्या दप्तरी नावच नसतं. दोन प्रश्न विचाराच: सवलत किमतीतून लगेच वजा होणार की नंतर मिळणार, आणि बसवण्याचे पैसे कोण देणार? उत्तर मिळालं नाही तर लेखी तक्रार करून पोच घ्या. त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि शेवटी विद्युत लोकपाल.

छपरासाठीही हा पैसा मागता येतो. अमेरिकेत १९७६ पासून गरिबांची घरं उष्णता-थंडीपासून सुरक्षित करण्याची सरकारी योजना आहे आणि अनेक राज्यांत वीज-गॅस कंपन्याही त्यात भर घालतात. आपल्याकडे कंपनीने आयोगापुढे मांडलेल्या दरवाढीच्या याचिकेची जाहीर सूचना मराठी वर्तमानपत्रांत येते. मुदतीच्या आत कुणीही हरकत पाठवू शकतो. वकील लागत नाही. याचिका क्रमांक, नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक लिहा; 'मागणी व्यवस्थापनाच्या निधीतून पत्र्याच्या घरांना कूल रूफ रंग द्यावा' ही मागणी एका ओळीत मांडा; जानेवारी आणि मेची बिलं जोडा, म्हणजे उन्हाळ्यात वाढलेले युनिट दिसतील. 'जनसुनावणीत बोलायचं आहे' हेही स्पष्ट लिहा. आणि वस्तीतल्या पन्नास जणांनी एकाच कागदावर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपली बिलं जोडून स्वतंत्र पत्र द्यावं. प्रत्येक ग्राहकाची हरकत वेगळी नोंदवली जाईल.